बोल्ट तुटला? पुढचा अर्धा तास हात आवरा



१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस म्हणजे आपल्याकडे दुरुस्तीचे दिवस. होड्या वर ओढल्या जातात, जाळी पडवीत येतात आणि आउटबोर्ड मशीन लाकडी घोडीवर टांगून घरीच उघडलं जातं. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही वाड्यावर जा, पावसाची सर चालू असते आणि पडवीत कोणीतरी पाना घेऊन मशीनसमोर बसलेला असतो. आपल्यातले बरेचजण इंपेलर बदलणं, थर्मोस्टॅट साफ करणं, प्लग बदलणं ही कामं स्वतःच करतात. त्यात वाईट काहीच नाही, पैसे वाचतात आणि आपलं मशीन आपल्याला कळतं.

पण या कामात एक गोष्ट कधी ना कधी सगळ्यांच्या वाट्याला येते. पाना फिरवताना "टक" असा आवाज होतो, बोल्टची मुंडी हातात येते आणि बाकीचा बोल्ट आतच राहतो. आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

आमच्या एका सभासदाच्या घरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात असंच झालं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचा ६ एमएमचा बोल्ट, दहाचा पाना लागतो तो. फिरत नव्हता म्हणून पान्याला पाईप घातला आणि मुंडी तुटली. १ ऑगस्टला दर्यात जायचं म्हणून घाई. त्याच संध्याकाळी बाजारातून तुटलेले बोल्ट काढायचा एक्स्ट्रॅक्टर आणला, बोल्टला वाकडंतिकडं भोक पाडलं, एक्स्ट्रॅक्टर ठोकून फिरवला, तर तोही आत तुटला. मग हेड काढून शहरातल्या वर्कशॉपमध्ये पाठवावं लागलं. मशीन परत येईपर्यंत सीझनचा पहिला आठवडा गेला. बाकीच्या होड्या मासळी घेऊन येत होत्या आणि ही होडी माडाखाली उलटी पडून होती.

खरं नुकसान बोल्ट तुटल्यामुळे झालं नव्हतं. बोल्ट तुटल्यानंतरच्या तासाभरात जे केलं त्यामुळे झालं. म्हणून आधी एवढंच लक्षात ठेवा: बोल्ट तुटला की पाना खाली ठेवा, हात धुवा, चहा घ्या. तुटलेला बोल्ट कुठे पळून जात नाही.

बोल्ट तुटतो का?

आउटबोर्डचा ब्लॉक आणि हेड अॅल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडाचा किंवा स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते. त्यात अॅल्युमिनियम झिजतं आणि आट्यांमध्ये पांढरी पावडर जमते. ही पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. आट्यात मोकळी जागा नसतेच, त्यामुळे ती बोल्टला चारही बाजूंनी आवळून धरते. लोखंडाच्या गंजाचंही तसंच. म्हणून दोन-तीन वर्षं न उघडलेला बोल्ट सिमेंटमध्ये बसवल्यासारखा होतो.

दुसरं कारण म्हणजे मागच्या वेळी गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट. तो आतून ताणला जाऊन अशक्त झालेला असतो.

बोल्ट कधी तुटला हेही महत्त्वाचं. सोडताना तुटला असेल तर आटे जाम आहेत, म्हणजे काम सावकाशीचं. आवळताना तुटला असेल तर आतला तुकडा बहुतेक वेळा सैलच असतो. अशा तुकड्याच्या कडेला टोकदार पंच लावून, सोडायच्या दिशेने हलके ठोके दिले तरी तो फिरून बाहेर येतो. आधी हे करून बघा. ड्रिल नंतर.

तुटण्याआधीची खूण

बोल्ट तुटण्याआधी सांगतो. पाना थोडा फिरतो, पण रबर पिळल्यासारखा वाटतो, आणि सोडला की मागे येतो. याचा अर्थ बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. तिथेच थांबा.

मुंडीवर हातोडीचे चार-पाच नेमके ठोके द्या, म्हणजे आट्यातली पावडर थोडी फुटते. गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी किंचित आवळा, मग सोडा. अर्धा आटा सुटला की परत पाव आटा आत घ्या, पुन्हा तेल, पुन्हा बाहेर. एका दमात बाहेर काढायला गेलात की तुटलाच.

आणि ६ एमएमच्या बोल्टला पाईप कधीच लावू नका. साध्या १५ सेंटीमीटरच्या पान्यावर ७ किलोचा जोर लावला की या बोल्टवर साधारण १० न्यूटन-मीटर बल येतं, आणि तेवढंच त्याला आवळताना पुरे असतं. तोच जोर ६० सेंटीमीटरच्या पाईपवर लावला तर चौपट होतो. मग तुटणारच.

तुटल्यावर पहिलं काम

पेट्रोलची टाकी आणि नळी काढून लांब ठेवा. बॅटरी असेल तर वायर काढा. डोळ्यांना चष्मा लावा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मेकॅनिकला दाखवायला उपयोगी पडतो.

मग बाकीचे बोल्ट, वर सांगितल्याप्रमाणे सावकाश, काढून घ्या आणि झाकण उचला. झाकण चिकटलं असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकू नका, गॅस्केट बसायची जागा खरवडली जाते आणि पुढे तिथूनच पाणी गळतं. लाकडी हातोडीने चारही बाजूंनी ठोका.

झाकण निघालं की बघा. बोल्टची मुंडी तुटली असेल, तर झाकणाच्या जाडीएवढा दांडा बहुतेक वेळा वर उरलेला असतो. ही शेंडी म्हणजे तुमचं अर्धं काम झालं. तिला जपा. पहिल्याच झटक्यात पक्कड लावून ती मोडू नका.

शेंडी उरली असेल तर

पहिला उपाय तेल आणि वेळ. शेंडीच्या मुळाशी वायर ब्रशने साफ करा, स्प्रे मारा, दोन-चार हलके ठोके द्या, रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा तेच.

दुसरा उपाय उष्णता. इथे अॅल्युमिनियम आपल्या बाजूने आहे. गरम झाल्यावर ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून बोल्टच्या आजूबाजूचा भाग तापवला तर भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सैल होते. तापवायला हीट गन सगळ्यात बरी. आधी स्प्रेचं तेल नीट पुसून घ्या, कारण तेही पेट घेतं. गॅसची ज्योत वापरत असाल तर हेड सुटं काढून, मशीनपासून आणि पेट्रोलपासून लांब नेऊनच वापरा. ज्योत एका जागी धरू नका, फिरवत राहा. लोखंड लाल होऊन इशारा देतं, अॅल्युमिनियम रंग बदलत नाही. ते अचानक वितळून खाली येतं. त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चुरचुरून उडाला, एवढं तापलं तरी पुष्कळ.

गरम असतानाच साधी मेणबत्ती बोल्टच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं जातं आणि आत वंगण होतं. जुने फिटर हे वर्षानुवर्षं करत आलेत.

तापवणं, गार होऊ देणं, तेल देणं असं तीन-चार वेळा झालं की लॉकिंग पक्कड शेंडीच्या अगदी मुळाशी घट्ट बसवा. घसरत असेल तर कानशीने दोन्ही बाजू सपाट करून घ्या. आणि पुन्हा तेच: थोडं आत, थोडं बाहेर.

तरी हलत नसेल तर तिसरा उपाय, नट वेल्ड करणं. शेंडीवर एक नट ठेवून, नटाच्या आतून वेल्डिंग भरतात. दोन फायदे होतात: पान्याला नवी मुंडी मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट आतून सैल होतो. लोखंडाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे चांगला वेल्डर असेल तर हेडला धोका कमी. लाली गेली, पण गरम आहे, अशा वेळी पाना लावायचा. दोन-तीन वेळा नट तुटून निघाला तरी धीर सोडू नका, पुन्हा लावा. मात्र हे काम हेड वर्कशॉपमध्ये नेऊनच करायचं, होडीवर किंवा पेट्रोल असलेल्या पडवीत अजिबात नाही.

आतच तुटला असेल तर

शेंडी नसेल तर ड्रिलशिवाय मार्ग नाही. इथे सगळा खेळ मध्य सापडण्याचा आहे.

तुटलेलं टोक खडबडीत असेल तर छोट्या ग्राइंडरने सपाट करा. मध्यावर सेंटर पंचने खूण करा. भिंग लावून बघा, चुकली असेल तर पंच तिरका धरून खूण सरकवा. इथे दहा मिनिटं गेली तरी चालतील. खूण बाजूला असेल तर ड्रिल बोल्ट सोडून शेजारच्या मऊ अॅल्युमिनियमकडे पळतं, आणि मग आटे गेले.

आधी २.५ किंवा ३ एमएमचं नवीन, धारदार ड्रिल घ्या. बोल्ट स्टेनलेसचा असेल तर कोबाल्टचं घ्या. वेग कमी, दाब पक्का, आणि तेल सतत. स्टेनलेसवर ड्रिल नुसतं घासत ठेवलं तर तो भाग आणखी कडक होतो आणि मग काही केल्या कापला जात नाही. बोल्ट किती खोल आहे ते शेजारच्या निघालेल्या बोल्टवरून मोजा आणि ड्रिलवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी लावा, म्हणजे भोक पलीकडे पाण्याच्या वाटेत जाणार नाही.

उलट्या फिरण्याचं, म्हणजे डाव्या हाताचं ड्रिल मिळालं तर उत्तम. ते कापतानाच बोल्टला सोडायच्या दिशेने ओढतं. कित्येकदा बोल्ट मध्येच ड्रिलला अडकून बाहेर येतो.

नाही आला तर हळूहळू भोक मोठं करा. कुठवर न्यायचं ते असं:

• ६ एमएम बोल्ट – ५ एमएम ड्रिलपर्यंत
• ८ एमएम बोल्ट (१.२५ चे आटे) – ६.८ एमएमपर्यंत
• १० एमएम बोल्ट (१.५ चे आटे) – ८.५ एमएमपर्यंत

भोक नेमकं मध्यावर असेल तर या मापाला बोल्टचं फक्त आट्यांचं वेटोळं उरतं. ते टोकदार सुईने किंवा बारीक पकडीने उचकून काढता येतं. मग त्याच मापाचा टॅप हलक्या हाताने फिरवून आटे साफ करा.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल थोडं स्पष्ट

बाजारात एक्स्ट्रॅक्टरचा सेट स्वस्तात मिळतो आणि बोल्ट तुटला की सगळे तिकडेच धावतात. थोडा विचार करा. ६ एमएमचा अख्खा बोल्ट पिळून तुटला, पण फिरला नाही. आता त्याच्या आत ३ एमएमचा एक्स्ट्रॅक्टर घालून तुम्ही त्याला फिरवणार. बोल्टला जमलं नाही ते त्याच्या अर्ध्या जाडीच्या सळईला कसं जमेल? शिवाय एक्स्ट्रॅक्टर ठोकला की बोल्ट आतून फुगतो आणि अॅल्युमिनियमला आणखी घट्ट बसतो.

एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, म्हणून वाकत नाही, सरळ तुटतो. आणि एकदा आत तुटला की साधं ड्रिल त्याला लागत नाही. मग स्पार्क देऊन धातू झिजवणाऱ्या मशीनवर हेड न्यावं लागतं. वर सांगितलेल्या सभासदाचं हेच झालं.

आवळताना तुटलेला सैल बोल्ट किंवा तापवून, तेल देऊन मोकळा झालेला बोल्ट काढायला एक्स्ट्रॅक्टर ठीक आहे. जाम बोल्टला नाही. पाना फिरवताना एक्स्ट्रॅक्टर पिळला जातोय असं वाटलं, की लगेच सोडून द्या.

आटे गेलेच तर

घाबरू नका. हेड भंगारात टाकायची गरज नसते. हेलीकॉइल नावाचं स्टेनलेस तारेचं वेटोळं येतं. भोक थोडं मोठं करून, त्याच्या खास टॅपने आटे मारून ते आत बसवतात, आणि मूळ मापाचाच बोल्ट परत लागतो. ड्रिल, टॅप आणि बसवायची चावी एकाच किटमध्ये येते. किटमध्ये सांगितलेलंच ड्रिल वापरा, अंदाजाने नको. नीट बसवलेलं हेलीकॉइल अॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतं, त्यामुळे ही जुगाड दुरुस्ती समजू नका. वर्कशॉपवाले हे रोज करतात.

कुठे थांबायचं

या वेळी काम पुढे न रेटता हेड किंवा मशीन चांगल्या वर्कशॉपमध्ये न्या:

• ड्रिल मध्य सोडून अॅल्युमिनियममध्ये शिरलं.
• एक्स्ट्रॅक्टर किंवा टॅप आत तुटला.
• तुटलेला बोल्ट सिलिंडर हेड ब्लॉकला धरणारा आहे, किंवा क्रँक-कनेक्टिंग रॉडचा आहे.
• भोकाच्या पलीकडे पाण्याची वाट किंवा सिलिंडर आहे आणि खोलीचा अंदाज येत नाही.

न्यायला लाजायचं कारण नाही. "मी इथवर केलं, आता तुम्ही बघा" असं सांगून नेलेलं हेड वाचतं. सगळं करून बिघडल्यावर नेलेलं वाचेलच असं नाही.

परत बसवताना

पुढच्या वर्षी हाच बोल्ट हाताने सुटला पाहिजे, या हिशेबाने बसवा.

जुने बोल्ट परत वापरू नका. त्याच लांबीचे, त्याच दर्जाचे नवीन आणा. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, झाकण आवळलंच जात नाही आणि आपण जोर लावत राहतो. भोकातला भुसा आणि तेल हवेने साफ करा, चष्मा लावून. बंद भोकात तेल साठलं असेल तर बोल्ट आवळताना त्याला वाट मिळत नाही आणि अॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो.

आट्यांना पाण्याने न धुतलं जाणारं मरीन ग्रीस लावा. तांब्याचं ग्रीस खाऱ्या पाण्यातल्या अॅल्युमिनियमला लावू नका, तांबं आणि अॅल्युमिनियम ही जोडी आणखीनच वाईट. गॅस्केट नवीन घाला.

आवळायला टॉर्क पाना वापरा. अॅल्युमिनियममध्ये ६ एमएमच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर आणि ८ एमएमला साधारण १८ ते २० लागतं. तुमच्या मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरातही जास्त ताणला जातो, हेही ध्यानात असू द्या.

आणि रोजची सवय: दर्यातून आल्यावर मशीन गोड्या पाण्यावर चालवून धुवा. झिंकचा तुकडा झिजला की बदला, तो झिजण्यासाठीच असतो, त्याच्याऐवजी तुमचं मशीन झिजायला नको. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे आणि खालच्या गिअरकेसचे बोल्ट वर्षातून एकदा सैल करून, ग्रीस लावून परत आवळा, काही बिघडलेलं नसलं तरी.

शेवटचं, पण महत्त्वाचं

मशीन जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उघडा. जूनमध्ये बोल्ट तुटला तर हाताशी दीड महिना असतो. तेल देऊन तीन रात्री ठेवता येतं, वेल्डरची वाट बघता येते, पार्ट मागवता येतो. २८ जुलैला तुटला तर हाताशी फक्त घाई असते.

त्याच सभासदाच्या मशीनचा दुसरा एक बोल्ट पुढच्या जूनमध्ये तुटला. या वेळी आम्ही दोघे-तिघे त्याच्या पडवीत जाऊन बसलो. पहिल्या दिवशी फक्त साफ करून तेल दिलं. दुसऱ्या दिवशी दोनदा तापवलं, मेण लावलं, पुन्हा तेल. तिसऱ्या संध्याकाळी लॉकिंग पक्कड लावली आणि बोल्ट कुरकुरत पाव आटा फिरला. मग आत, बाहेर, आत, बाहेर करत वीस मिनिटांत हातात आला. खर्च झाला एक बोल्ट, एक गॅस्केट आणि एक मेणबत्ती. १ ऑगस्टला होडी पाण्यात होती.

तुमच्याकडे असा अडकलेला बोल्ट असेल तर ड्रिल लावण्याआधी फोटो काढून सोसायटीत दाखवा. चार जणांनी बघितलं की एखादी सोपी वाट सापडते. तुमच्या वाड्यावरच्या जुन्या फिटरची काही युक्ती असेल तर खाली लिहा, सगळ्यांच्या कामी येईल. आणि ज्यांच्या पडवीत सध्या मशीन उघडलेलं आहे, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट नक्की पोचवा.